बोटभर सैल

‘मी जाड झालेय का?’ असं बायकोने विचारलं, तर शिंप्याने उत्तर देऊ नये. दुसऱ्या कुणाचा नवरा एखादी थाप मारून सुटेल. शिंप्याच्या डोळ्यातच फीत असते. तोंड उघडलं की खरं माप बाहेर पडतं.

मास्तरचं तसंच झालं. सकाळी तो पलंगावर बसून चहा पीत होता. बायको हिरवा ड्रेस घालून पाठमोरी उभी होती आणि पाठीची चेन अर्ध्यावर अडकली होती. चौथा महिना सरत आला होता.

"अरे, खरं सांग. मी जाड झालेय का?"

मास्तरने कप खाली ठेवला. गिऱ्हाइकाकडे बघताना करतो तसा एक डोळा बारीक केला आणि म्हणाला, "कंबर सुटलीय. छातीतही वाढ आहे. पण खांदे तेच आहेत."

हे त्याने दिलासा म्हणून सांगितलं होतं. खांदे जागेवर असले की बाकीचं सगळं जमवता येतं, असं कुठलाही शिंपी सांगेल. पण बायकोने चेन खाली ओढली, पलंगाच्या कडेला बसली आणि रडायलाच लागली.

"खांदे तेच आहेत म्हणे! मूल काय खांद्यात वाढतं?"

स्वयंपाकघरातून मास्तरच्या आईचा आवाज आला. "सकाळी सकाळी काय बोललास रे तिला?"

"काही नाही गं. खांद्यांबद्दल बोललो."

"गप्प बसायला काय घेशील तू?" आई म्हणाली.

त्यांचं दुकान रस्त्याच्या वळणावर होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्याला सगळी गल्ली मास्तर म्हणायची आणि तिला वहिनी. दुकानात चार माणसांसमोर ती त्याला ‘अहो मास्तर’ म्हणे, आणि पडद्याच्या मागे घरात आलं की ‘अरे’. हे इतकं सवयीचं झालं होतं की पडदा ओलांडता ओलांडता वाक्याच्या मध्येच ‘अहो’चं ‘अरे’ व्हायचं.

कामाची वाटणी ठरलेली होती. बायकांची मापं वहिनी घ्यायची, आतल्या पडद्याआड, मोठ्या आरशासमोर. तिथून ती आकडा ओरडायची. बाहेर कापायच्या टेबलाशी उभा असलेला मास्तर तोच आकडा मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच खडूने कापडाच्या कोपऱ्यावर लिहायचा. परत म्हटल्याशिवाय लिहायचं नाही, हा त्या दुकानाचा नियम. अंगाचं नाव मात्र कधी घ्यायचं नाही. क्रम दोघांना पाठ होता, त्यामुळे बाहेर बसलेल्या माणसाला नुसते आकडे ऐकू यायचे. नवख्याला वाटावं, आत लॉटरीचा निकाल लागतोय.

आकड्यांच्या मध्ये तिचं एक वाक्य हमखास असायचं. "माप घेताना हलायचं नाही!" हे तिने बँकेतल्या साहेबीणबाईंना सुनावलं होतं, पोलिसातल्या बाईला सुनावलं होतं, आणि गुदगुल्या होतात म्हणून हसणाऱ्या एका लठ्ठ न्यायाधीशबाईंनाही. सगळ्या निमूट उभ्या राहायच्या. दुसरं वाक्य ती तक्रार घेऊन येणाऱ्यांसाठी राखून ठेवायची. ‘धुतल्यावर आटला हो ड्रेस’ असं कुणी म्हणालं, की वहिनी गोड हसून म्हणे, "कपडा खोटं बोलत नाही, ताई."

आणि एक गोष्ट होती, जी कुणी ठरवली नव्हती पण सगळ्यांना माहीत होती. मास्तरने नवा नमुना काढला की तो आधी वहिनीच्या अंगावर चढायचा. काचेमागे एक पुतळा होता, पण त्याच्याकडे बघून कधी कुणी ऑर्डर दिली नाही. बायका आत यायच्या, गल्ल्यामागे उभ्या असलेल्या वहिनीकडे बोट करायच्या आणि म्हणायच्या, "मला अगदी हेच." तिलाही ते आवडायचं. मास्तर तिला चिडवायचा, "पुतळ्याला डोकं नाही, तुला आहे. पुतळा बोलत नाही, तू थांबत नाहीस. एवढाच काय तो फरक." ती म्हणायची, "पुतळ्याला पगार नाही, मलाही नाही. ते साम्य विसरू नकोस."

त्या सकाळच्या रडण्यानंतर तिने डोळे पुसले, सैलसर करड्या कापडाचा एक नवा नमुना घातला आणि दुकानात जाऊन उभी राहिली. तेवढ्यात हेडबाई आल्या. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, म्हणून हेडबाई. मनाच्या वाईट नव्हत्या. पण शाळेत दिवसभर चुका काढून काढून त्यांना शाळेबाहेरही हात थांबवता येत नसे.

"छान आहे हो हा ड्रेस," हेडबाई म्हणाल्या. "मला असाच शिवा. पण तुमच्यावर आत्ता दिसतोय तसा नको. तुमच्यावर आधी दिसायचा ना, तसा."

वहिनी हसली. माप घेतलं, आकडे ओरडली. हेडबाई गेल्या आणि ती पडदा ओलांडून मागच्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी ती दुकानात आलीच नाही. बटणांचा डबा घेऊन मागे बसली. म्हणाली, काज-बटणं साचलीत. तिसऱ्या दिवशीही साचलेलीच होती.

मग मापं घ्यायला आई आली. आईने फीत गळ्यात घातली खरी, पण तिला आकडे जवळून दिसत नसत आणि चष्मा घालायला ती तयार नसे.

"कंबर?" मास्तरने विचारलं. नियम मोडून अंगाचं नाव घेण्याची वेळ आली होती.

"आहे चांगली!" पडद्याआडून उत्तर आलं.

"अगं आई, आकडा!"

"आकडा कशाला? तू बघितलीस ना तिला आत येताना?"

त्या आठवड्यात मास्तरने तीन ड्रेस चुकवले. पण त्याला खुपत होतं ते वेगळंच. दुकानात मशीन चालत होतं, इस्त्री फुसफुसत होती, रस्त्यावरचे आवाज येत होते आणि तरी सगळं मुकं वाटत होतं. बायकोचा आवाज घरात असतो तेव्हा माणसाचं तिकडे लक्ष नसतं. तो थांबला की मग दिवसभर ऐकू येत राहतो.

दुपारी तो तिच्याजवळ जाऊन बसला. ती एका कोटाला बटणं लावत होती.

"ये ना पुढे," तो म्हणाला.

"कशाला? दाखवायला काय उरलंय?"

"असं काय म्हणतेस?"

"मग कसं म्हणू? अरे, माझं मलाच कळेना झालंय. आंघोळीला गेले की खाली बघत नाही मी. हे पोट माझं, पण मला न विचारता कुणीतरी राहायला आल्यासारखं वाटतं." तिने दाताने दोरा तोडला. "माझी ताई म्हणते, ती दुसऱ्या महिन्यापासून पोटाशी बोलायची. ऊर भरून यायचा म्हणे तिचा. माझा ऊर नुसता जळजळतो. मी काय बोलू त्याच्याशी? ओळख ना पाळख. मी चांगली आई होणारच नाही बहुतेक. चांगल्या आयांना असं काही वाटत नाही."

मास्तरला खूप काही बोलायचं होतं. पण खांद्यांचा अनुभव ताजा होता. तो म्हणाला, "कोटाला शिंगाची बटणं लाव." आणि उठला.

जे त्याला बोलता येत नव्हतं ते त्याने हाताने केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती झोपली असताना त्याने हिरवा ड्रेस उचलला, दुकानात नेला आणि बाजूच्या शिवणी उसवल्या. तिचे सगळे कपडे त्यानेच शिवलेले. शिवणीत भरपूर माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडायची त्याची सवय होती. त्याने ड्रेस दोन्ही बाजूंनी बोटभर सैल केला, त्याच रंगाच्या दोऱ्याने शिवला, आणि जुन्या टाक्यांची भोकं दिसू नयेत म्हणून ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली. चेनही थोडी सरकवली. मग ड्रेस होता तसा, होता त्याच खुंटीला अडकवला.

आई दारात उभी होती.

"बायकोचे कपडे उसवतोस?"

"सैल करतोय. तिला कळू देऊ नकोस."

"त्यापेक्षा तिच्याशी बोल की! जीभ काय गहाण ठेवलीयस?"

"बोलायला गेलो की माप निघतं तोंडातून."

आईने कपाळाला हात लावला. "तुझे वडील तुझ्याहून बरे. ते निदान खोटं तरी बोलायचे."

संध्याकाळी खोलीतून आरोळी आली. "अरे! चेन लागली!"

मास्तर जागेवरून न हलता म्हणाला, "हो का?"

"अरे, बघ तरी! त्या दिवशी लागत नव्हती. म्हणजे पोटात नुसता वायू होता. मी उगीच रडले." ती हिरव्या ड्रेसमध्ये दोन गिरक्या घेऊन पडदा ओलांडून थेट दुकानात आली आणि म्हणाली, "अहो मास्तर, गिऱ्हाईक खोळंबलंय. फीत कुठाय?"

दुकानात पुन्हा आकडे घुमायला लागले. मास्तर आनंदाने ते परत म्हणायचा, जरा जास्तच मोठ्याने.

इथे थांबला असता तर गोष्ट मिटली असती. पण पोट थांबत नव्हतं, मग तो तरी कसा थांबणार? दर आठवड्याला तिची दुपारची झोप लागली की तो एकेक ड्रेस उचलायचा आणि बोटभर सैल करायचा. हिरवा झाला, करडा झाला, निळ्या पट्ट्यांचा झाला. शिवणीतली माया संपली तेव्हा त्याने उरलेल्या चिंध्यांचं बोचकं काढलं, तेच कापड शोधलं आणि काखेपासून खालपर्यंत लांबट पट्टी जोडली. निळ्या ड्रेसला तर पट्टीवरच्या रेघा ड्रेसवरच्या रेघांशी अशा जुळवल्या की हात फिरवूनही जोड सापडू नये. आयुष्यातलं सगळ्यात नाजूक काम त्याने केलं होतं, आणि ते कुणाला दाखवायची सोय नव्हती. त्याने ते आईला दाखवलं. आई म्हणाली, "मला बिनचष्म्याचं दिसत नाही. पण तू पकडला जाणार, हे दिसतंय."

सातवा महिना लागला. हेडबाई आपला ड्रेस न्यायला आल्या. ट्रायलला पुन्हा माप घेतलं ते आईने, आणि तिच्या ‘आहे चांगली’ने तो दोनदा चुकला होता आणि तिसऱ्यांदा दुरुस्त झाला होता. त्यांनी वहिनीकडे चष्म्यावरून पाहिलं.

"हा तोच ना हिरवा? गेल्या वर्षी घालायचात तो?"

"तोच," वहिनी अभिमानाने म्हणाली.

"सातव्यात? आणि अजून होतो?" हेडबाईंचा आवाज खाली आला. "माझ्या वेळी मी दारातून आडवी होऊन जायचे हो. तुमचं बाळ वाढतंय ना नीट? दाखवून घ्या बाई एकदा."

त्या काळजीनेच बोलल्या होत्या. पण वहिनीच्या हातातली फीत तशीच राहिली. त्या दिवशी तिने आणखी दोघींची मापं घेतली, आकडे बरोबर सांगितले, पण कुणालाही ‘हलायचं नाही’ म्हणाली नाही. मास्तरच्या ते लक्षात आलं.

रात्रीचं जेवण तिने दुप्पट घेतलं. दुसऱ्या दिवशीही. दूध, अंडी, केळी, समोर येईल ते. चार दिवस झाले आणि तिने हिरवा ड्रेस कमरेपाशी चिमटीत धरून मास्तरला दाखवला. त्याने नेमका आदल्या दुपारीच तो पुन्हा सैल केला होता.

"हे बघ. एवढं खाते, तरी कपडा सैलच. उलट जास्तच सैल. त्याच्या अंगाला काही लागतच नाही."

"अगं, डॉक्टरबाई तर म्हणाल्या होत्या ना, सगळं ठीक आहे."

"त्याला झाले तीन आठवडे. आणि त्या दिवशी त्यांच्या दारात केवढी रांग होती! बघितलं असेल घाईघाईत." ती खुर्चीत बसली. "मला माहितीय काय झालंय ते. मीच म्हणत होते ना, मोठं नको व्हायला, पोट दिसायला नको, कंबर सुटायला नको. रोज म्हणत होते मनात. त्याने ऐकलं रे. बिचारं अंग चोरून बसलंय आत."

आणि ती रडली. पण हे रडणं पहिल्या सकाळच्या रडण्यासारखं नव्हतं. तेव्हा ती स्वतःसाठी रडली होती.

मास्तरने तेव्हाच सगळं सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलंही त्याने. पण सांगितलं तर ती पुन्हा बटणांचा डबा घेऊन मागे बसेल, दुकान मुकं होईल, आणि शिवाय फसवलं म्हणून बोलणं टाकेल ते वेगळंच. त्याने तोंड मिटलं. आणि मग त्याला जे सुचलं ते फक्त शिंप्यालाच सुचू शकतं.

संध्याकाळी ती आईबरोबर भाजी आणायला गेली, तेव्हा त्याने हिरवा ड्रेस उचलला आणि घट्ट केला. बाळ वाढतंय असं तिला वाटावं म्हणून. एक बोट करणार होता, पण धास्तीने हात जड झाला आणि चांगली दोन-तीन बोटं आत गेली.

सकाळी खोलीतून आवाज आला. "आई!"

मास्तर धावला. ती ड्रेसमध्ये अर्धी अडकून उभी होती. एक हात वर, दुसरा बाहीत आणि चेन पार उघडी.

"काल बसत होता! काल चिमटीत धरला होता मी! एका रात्रीत? एका रात्रीत कुणाचं पोट वाढतं?" तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. "सूज आहे ही. काहीतरी झालंय आत. चला, दवाखान्यात चला."

"अगं, ऐक, कदाचित कपडा धुतल्यावर आटला..."

"मास्तर!" घरातच ती म्हणाली, पडद्याच्या आत. "तीस वर्षांचं दुकान आहे तुमच्या घराण्याचं. कपडा आटला म्हणता? मलाच?"

मागून आई हळूच म्हणाली, "आता बोल. आता बोल लेका."

पण ती तोवर रस्त्यावर पोहोचली होती, अंगात मास्तरचाच एक शर्ट घालून.

डॉक्टरबाई ओळखीच्या होत्या. त्यांनी तिला झोपवलं, पोटावर हात फिरवला, ठोके ऐकले आणि मग ड्रॉवरमधून फीत काढली. मास्तरच्या गळ्यात असायची तशीच, पिवळी. फीत पोटावर उभी लावून त्यांनी आकडा सांगितला. कोपऱ्यातल्या नर्सने तोच आकडा मोठ्याने परत म्हटला आणि मग लिहिला.

वहिनीने मान उचलून नर्सकडे पाहिलं. इतक्या काळजीतही तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीतरी उमटलं.

"उत्तम," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जेवढं हवं तेवढंच. ठोके छान, सूज वगैरे काही नाही. पहिल्यापासून अगदी शिस्तीत वाढतंय तुमचं बाळ."

"पण डॉक्टर, कालपर्यंत ड्रेस सैल होता. महिनोन् महिने सैल होता. आणि आज अंगात शिरत नाही."

डॉक्टरबाईंनी हात धुतले. "मी बाळाची तपासणी करते. ड्रेसची करत नाही. ड्रेस कुणी शिवलाय?"

दोघीही वळल्या. नर्ससुद्धा वळली. मास्तर दाराशी उभा होता. त्याचे कान लाल झाले होते.

"उसवला," तो म्हणाला.

"काय?"

"आधी सैल केला. दर आठवड्याला थोडा. मग तू घाबरलीस, म्हणून काल घट्ट केला. जास्त झाला."

मग डॉक्टरबाईंनी तोंडावर रुमाल धरला आणि खिडकीकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते. नर्सने तेवढंही केलं नाही, ती सरळ हसली. वहिनी मात्र हसली नाही. उठली, शर्ट सारखा केला आणि बाहेर पडली.

रस्ताभर ती पुढे आणि तो मागे. इतकी भराभर चालत होती की शर्टाचा घोळ फडफडत होता. घरी आल्यावर तिने खुंट्यांवरचे सगळे कपडे काढले, पलंगावर टाकले आणि एकेक उलटा करून बघायला सुरुवात केली. मास्तर दारात उभा राहिला. आई भाजी निवडायचं निमित्त करून आली होती, पण पानं आणि देठ एकाच ताटलीत पडत होते.

हिरवा झाला. करडा झाला. निळ्या पट्ट्यांच्या ड्रेसपाशी तिचा हात थांबला. तिने शिवणीवरून बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. खिडकीजवळ नेऊन पाहिलं.

"रेघा जुळवल्यात," ती म्हणाली.

मास्तरने कानामागे खाजवलं.

"फसवायचं ते फसवायचं, आणि वर रेघा जुळवायच्या! चोराने जाताना घर झाडून जावं, तशातली गत."

"खटकलं असतं मला," मास्तर म्हणाला. "जुळवल्या नसत्या तर."

"मला का नाही सांगितलंत, मास्तर? मला झेपलं नसतं असं वाटलं तुम्हाला? सगळ्या गावाला सांगते मी, कपडा खोटं बोलत नाही. आणि माझ्याच अंगावरचा कपडा माझ्याशी खोटं बोलतोय. मला वाटलं बाळ..." ती थांबली. "चार दिवस मी काय काय विचार केले, तुम्हाला माहीत नाही."

मास्तर पुढे आला. बोलताना त्याची नजर जमिनीवर होती.

"चुकलं. पण तू आत बसलीस ना, तर दुकानात मला काही ऐकू येईना. मी ‘कंबर’ म्हणायचो आणि आई म्हणायची, ‘आहे चांगली’. मला तुझे आकडे हवे होते. म्हणून म्हटलं, चेन लागली तर येशील पुढे. तू कशी दिसतेस त्याचं मला काही... म्हणजे, दिसतेस चांगलीच... मला बोलता येत नाही गं."

आई भाजीच्या ताटलीत बघत म्हणाली, "ती कंबर होतीच चांगली. मी काय चुकीचं सांगितलं?"

वहिनीच्या नाकातून एक आवाज निघाला. रडू येणार होतं की हसू, ते तिचं तिलाही आधी कळलं नसावं. मग हसूच आलं. इतकं आलं की तिने पोट दोन्ही हातांनी धरलं, खालून, जड भांडं धरावं तसं. तिने पोट असं धरलेलं मास्तरने कधी पाहिलं नव्हतं.

दुकानाची घंटा वाजली. बाहेर हेडबाई आल्या होत्या, बाही पुन्हा काखेत ओढते म्हणून.

वहिनी उठली, पडदा ओलांडला, "बसा हो हेडबाई" म्हणाली आणि सरळ कापडाच्या फळीपाशी गेली. सगळ्यात वरच्या फळीवर एक पिवळा तागा होता, त्यावर मोठमोठी लाल फुलं. कित्येक दिवस पडून होता. असलं कापड अंगावर घ्यायला हिंमत लागते, असं तीच गिऱ्हाइकांना सांगायची. तिने तो खाली ओढला, टेबलावर टाकला आणि धूळ झटकली.

"अहो मास्तर, फीत घ्या. माझं माप."

"आत्ता?"

"आत्ता. आणि खरं."

ती पडद्याआड मोठ्या आरशासमोर जाऊन उभी राहिली. स्वतःला बघायला, कित्येक महिन्यांनी. शर्ट वर करून तिने आरशात पाहिलं, सरळ, मान खाली न घालता. पोट गोल होतं, बेंबी बाहेर आली होती, एका बाजूला फिकट रेघा उमटल्या होत्या. बराच वेळ ती बघत राहिली.

"रेघा," ती म्हणाली. "याही जुळवायला हव्या होत्यास."

‘होत्यास’ ऐकून मास्तरचा जीव भांड्यात पडला. त्याने फीत काढली. आज कामाची वाटणी उलटी होती. आकडा तो सांगणार आणि ती परत म्हणणार.

खांदे. त्याने आकडा सांगितला. तिने परत म्हटला. "तेच आहेत," तो हळूच म्हणाला.

"खांद्यांचं नाव काढलंस तर याद राख."

छाती. आकडा. परत आकडा. मग त्याने फीत पोटाभोवती गुंडाळली आणि क्षणभर घुटमळला. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून एखादा आकडा गिळायची शिंप्यांना सवय असते.

"खरं," ती आरशातून त्याच्याकडे बघत म्हणाली.

त्याने खरा आकडा सांगितला.

तिने तो परत म्हटला, पण नुसता नाही. दुकानाच्या इतक्या वर्षांत तिने जे कधी केलं नव्हतं ते केलं, अंगाचं नाव घेतलं. "पोट!" ती ओरडली, आणि मागून आकडा, असा खणखणीत की बाहेर हेडबाई खुर्चीतच सरळ झाल्या.

"बाई गं," बाहेरून आवाज आला. "बरंच आहे की!"

"आहे चांगलं!" आतल्या खोलीतून आई ओरडली.

त्याच वेळी फीत हलली. मास्तरने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, बोटं स्थिर होती. फितीखालून कुणीतरी सणसणीत ढुशी दिली होती. फीत खाली घसरली आणि आकडा निसटला.

वहिनीने मान खाली घातली. पोटावर बोट ठेवलं आणि न्यायाधीशबाईंना दटावलं होतं त्याच आवाजात म्हणाली, "ए! माप घेताना हलायचं नाही!"

बोलून झाल्यावर आपण कुणाशी बोललो ते तिच्या लक्षात आलं. ती थोडी लाजली. मग पुन्हा खाली वाकून, आवाज उतरवून, पण तितक्याच जरबेने म्हणाली, "कळलं ना? सरळ उभं राहायचं. म्हणजे, असशील तसं. पण हलायचं नाही. तुझ्या बाबांचं आधीच चुकतंय सगळं."

मास्तरला फितीवरचे आकडे जरा धूसर दिसत होते, आणि चष्मा तर त्याला लागत नव्हता. त्याने फीत पुन्हा नीट लावली. या वेळी आकडा अर्ध्या बोटाने जास्त आला.

"आता जास्त भरतंय," तो म्हणाला.

"मग जास्त धर," वहिनी म्हणाली, आणि आकडा मोठ्याने परत म्हणाली.